बुडापेस्ट २०२३, पुरुषांची ४ × ४०० रिले : ते २:५९.०५ आलं कुठून?

चारशेमीटर

२०२५ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत टोकियोच्या पावसात बोत्स्वानाची पोरं अमेरिकेच्या पुढे गेली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बोत्स्वाना २:५७.७६ (म्हणजे २ मिनिटं ५७.७६ सेकंद), अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका दोघेही २:५७.८३. जेमतेम पंचवीस लाख वस्तीचा देश, आणि पुरुषांच्या ४ × ४०० रिलेचं जागतिक विजेतेपद आफ्रिकेत पहिल्यांदा गेलं ते त्यांच्याकडे. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली.

त्या रात्रीपासून मी आपली बुडापेस्टची शर्यत पुन्हा पुन्हा बघतोय. म्हणून हा धागा.

२६ ऑगस्ट २०२३, शनिवार. जागतिक मैदानी स्पर्धा, प्राथमिक फेरी. मुहम्मद अनास याहिया, अमोज जेकब, मुहम्मद अजमल, राजेश रमेश, याच क्रमाने. अमेरिका २:५८.४७, भारत २:५९.०५. ब्रिटन आपल्या मागे. आपली आधीची सर्वोत्तम वेळ होती ३:००.२५, टोकियो ऑलिम्पिकमधली. म्हणजे एका झटक्यात १.२० सेकंद खाली. जपानने २०२२ साली अमेरिकेतल्या यूजीनला केलेला २:५९.५१ चा आशियाई विक्रमही मोडला. भारताचा पुरुष संघ या शर्यतीत जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोचला.

ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. राजेश शेवटच्या वळणावर अमेरिकन धावपटूच्या पाठीला चिकटून, निवेदकाचा आवाज चढत गेलेला. दोन दिवस ती सगळीकडे फिरत होती. मग 'चमत्कार' हा शब्द आला आणि विषय संपला. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला चमत्कार म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. कोणी घडवलं, कशातून घडलं, पुन्हा घडवायला काय लागेल, हे विचारायची गरजच उरत नाही.

आता त्या चौघांकडे बघा. अनास केरळच्या निलामेलचा, नौदलातला. त्याचा भाऊ अनीस लांब उडी मारतो. ४०० मीटरमध्ये ४५.२१ हा अनासचा २०१९ चा राष्ट्रीय विक्रम त्या वेळी आपला सर्वोत्तम आकडा होता. अमोज दिल्लीत वाढलेला मल्याळी मुलगा. अजमल आधी फुटबॉल खेळायचा. राजेश तमिळनाडूचा, रेल्वेत तिकीट तपासनीस, तिरुचिरापल्लीला. यांतला एकही बुडापेस्टच्या वैयक्तिक ४०० मध्ये पदकाच्या आसपास नव्हता. पण अनास आणि अमोज २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही याच शर्यतीत धावले होते. तिथे नोहा निर्मल टॉम आणि आरोकिया राजीव यांच्यासोबत त्यांनी ३:००.२५ काढले, तो तेव्हाचा आशियाई विक्रम होता, आणि तरी संघ एकूणात नववा आला. अंतिम फेरीत आठच जातात. नववं येणं काय असतं ते या दोघांना ठाऊक होतं. पुढच्या दोन वर्षांत जमैकाचे प्रशिक्षक जेसन डॉसन आले आणि संघात अजमल आणि राजेश बसले.

मला वाटतं २:५९.०५ हे त्या नवव्या क्रमांकातून आलं.

रविवारी अंतिम फेरीत २:५९.९२, पाचवा क्रमांक. त्याबद्दलही बोलायचं आहे, पण आधी तुम्ही लिहा. ज्यांनी स्वतः चारशे धावलंय त्यांनी तर नक्कीच.

---

अनघा_प

तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. नीरजची ८८.१७ ची फेक, सोनं. मग पारुल चौधरीने स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ९:१५.३१ चा राष्ट्रीय विक्रम केला. घरातले सगळे नीरजनंतर झोपायला गेले, मी आणि बाबा बसून राहिलो. बाबांना मी सांगितलं की आता आपली रिले आहे, तर ते म्हणाले, "आपली? अंतिम फेरीत?" आणि त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

एक प्रश्न आहे, खूप दिवसांचा. २:५९.०५ म्हणजे १७९.०५ सेकंद. भागिले चार केलं तर ४४.७६ येतात. आणि तुम्हीच लिहिलंय की राष्ट्रीय विक्रम ४५.२१ होता. म्हणजे एकही भारतीय तोवर ४५ च्या आत धावलेला नव्हता आणि चौघांची सरासरी मात्र ४४.७६? माझा मामेभाऊ म्हणतो की घड्याळ चुकलं असेल. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

---

चारशेमीटर

अनघाताई, घड्याळ अगदी बरोबर होतं. फार चांगला प्रश्न विचारलात, सगळी गंमत तिथेच आहे.

वैयक्तिक ४०० मध्ये धावपटू ब्लॉकमधून, म्हणजे पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून उठतो. बंदुकीचा आवाज ऐकून शरीर हलायला वेळ जातो, मग शून्यातून वेग घ्यायला आणखी. रिलेत हा भुर्दंड फक्त पहिल्या धावपटूला. बाकीचे तिघे बॅटन (एकाने दुसऱ्याला द्यायची नळी) हातात येते तेव्हा आधीच पळत असतात. त्यामुळे साधारण अर्धा ते पाऊण सेकंद वाचतो, प्रत्येकाचा.

सर्वांत बोलकं उदाहरण १९९३ च्या स्टुटगार्ट जागतिक स्पर्धेचं. मायकल जॉन्सनने वैयक्तिक ४०० जिंकली ४३.६५ मध्ये. त्याच स्पर्धेत रिलेचा शेवटचा पल्ला तो धावला ४२.९४ मध्ये. तोच माणूस, तोच ट्रॅक, आणि फरक ०.७१ सेकंदाचा. त्या काळचा वैयक्तिक विश्वविक्रम ४३.२९ होता, बुच रेनॉल्ड्सचा, म्हणजे जॉन्सनचा पल्ला त्याहूनही कमी वेळेचा. पण रिलेतला पल्ला वैयक्तिक विक्रमात धरत नाहीत, ते याचसाठी. अँड्र्यू व्हॅल्मन, क्विन्सी वॉट्स, रेनॉल्ड्स आणि जॉन्सन या चौघांनी त्या दिवशी २:५४.२९ काढले. तो विश्वविक्रम अजून उभा आहे.

आता आपला हिशोब करू. समजा चौघेही त्या दिवशी ४५.३ च्या लायकीचे होते. चार गुणिले ४५.३ म्हणजे १८१.२. त्यातून तिघांचे मिळून दोनेक सेकंद वजा करा. १७९ च्या आसपास येता की नाही? म्हणजे आकडा अशक्य नाही. पण त्यासाठी चौघांनाही एकाच संध्याकाळी आपापल्या सर्वोत्तमाजवळ असावं लागतं आणि तिन्ही बदल स्वच्छ व्हावे लागतात. अवघड ते आहे. एकजण बिघडला तरी सगळं जातं.

मामेभावाला हे जरूर दाखवा.

---

अनघा_प

दाखवलं. "हं" म्हणाला. त्याच्यासाठी ते खूप आहे. धन्यवाद!

---

रोखठोक

धागा चांगला आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

प्राथमिक फेरीत अमेरिकेने आपला पहिला संघ उतरवलाच नव्हता. अंतिम फेरीत क्विन्सी हॉल, व्हर्नन नॉरवुड, जस्टिन रॉबिन्सन, राय बेंजामिन धावले. यांतला फक्त रॉबिन्सन आदल्या दिवशी होता. बेंजामिनने त्याच आठवड्यात ४०० मीटर अडथळ्यांत कांस्य घेतलं होतं, त्याला त्यांनी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं. तेव्हा "अमेरिकेला घाम फोडला" हे जे त्या दोन दिवसांत लिहिलं गेलं, ते अर्धंच खरं होतं.

आणि अंतिम फेरीचे आकडे बघा : अमेरिका २:५७.३१, फ्रान्स २:५८.४५, ब्रिटन २:५८.७१, जमैका २:५९.३४, भारत २:५९.९२. अमेरिका एका रात्रीत १.१६ सेकंदांनी वर आली, आपण ०.८७ ने खाली गेलो. शनिवारी आपल्या मागे राहिलेल्या ब्रिटनने रविवारी कांस्य नेलं. आपण शनिवारचीच वेळ पुन्हा काढली असती तर चौथे आलो असतो.

मी खेळाडूंना नावं ठेवत नाही. त्यांनी जीव तोडला. पण आपण प्राथमिक फेरीचा उत्सव केला आणि अंतिम फेरीचा अभ्यास केला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

चारशेमीटर

तुमचा एकेक आकडा बरोबर आहे, आणि याच मुद्द्यावर मला यायचं होतं.

अमेरिकेने संघ बदलला कारण त्यांना बदलणं परवडतं. त्यांचा सहावा-सातवा माणूसही पहिल्याच्या जवळ असतो. आपले राखीव धावपटू बुडापेस्टला होते, पण दोन्ही रात्री धावले तेच चौघे. चोवीस तासांत दुसऱ्यांदा, जीव काढून. चारशेनंतर शरीरात काय होतं ते जो धावलाय त्यालाच कळतं. मांड्या दगडासारख्या होतात, पोटात ढवळतं, काहीजण ट्रॅकच्या कडेलाच उलटी करतात. त्यातून एका दिवसात पूर्ण बाहेर येणं कठीण असतं. आणि शनिवारी अनासला किंवा अमोजला विश्रांती द्यायची म्हटली असती तर अंतिम फेरीच हातची गेली असती. त्या चौघांपुढे पर्यायच नव्हता.

म्हणून ते ०.८७ मला त्या चौघांच्या खात्यावर मांडावंसं वाटत नाही. ते आपल्या पाचव्या आणि सहाव्या धावपटूच्या वेळेत दडलेलं आहे.

---

जुनी_स्पाईक्स

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी विद्यापीठ पातळीवर चार वर्षं ४ × ४०० धावलो, बहुतेक वेळा तिसरा पल्ला. माझ्या वेळा इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण बॅटनबद्दल थोडं सांगू शकतो, कारण दूरचित्रवाणीवर ते दोन सेकंदांत निघून जातं.

लोकांना ४ × १०० चा बदल माहीत असतो. तिथे घेणारा मागे न बघता हात मागे करून सुसाट सुटतो, सगळं ठरलेल्या पावलांवर. ४ × ४०० चं तसं नाही. इथे घेणारा मागे बघतो, बघावंच लागतं, कारण येणारा संपलेला असतो. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये त्याचा वेग कुठवर घसरेल ते त्यालाही माहीत नसतं. तुम्ही बॅटन बदलायच्या वीस मीटरच्या पट्ट्यात उभे. अंग आतल्या मैदानाकडे वळवलेलं, डावा हात मागे, खांद्याच्या उंचीला, तळवा उघडा, बोटं पसरलेली. आणि डोळे त्याच्या छातीवर. पायांवर नाही, छातीवर. खांदे वर चढायला लागले, मान मागे गेली की समजायचं, हा आता मरतोय, एक पाऊल उशिरा निघ.

आमचे सर म्हणायचे, खोखोत खो मिळेपर्यंत उठायचं नाही, इथे बॅटन मिळायच्या आधीच निघायचं, पण साथीदाराला सोडून जायचं नाही. लवकर सुटलात तर तो तुमच्यापर्यंत पोचतच नाही आणि पट्टा संपतो. उशीर केलात तर तो तुमच्यावर येऊन आदळतो आणि दोघेही थांबता. या दोहोंच्या मधे एक श्वासाएवढी जागा असते.

आणि बॅटन द्यायची जबाबदारी खरं तर घेणाऱ्याची. येणाऱ्याला हात नीट पुढे करायचंही भान नसतं. त्याच्या उजव्या हातातून आपल्या डाव्या हाताने ती अक्षरशः काढून घ्यायची. घामाने ओली झालेली, गुळगुळीत नळी, तीस सेंटिमीटरच्या आत लांब, पन्नास ग्रॅमच्या आसपास वजन. हातात आली की दोन पावलांत उजव्या हातात घ्यायची, पुढच्या माणसासाठी. हे बदलताना मी एकदा पाडली होती. पडली तर ज्याने पाडली त्यानेच उचलायची, असा नियम. मी वाकलो, उचलली, वर बघितलं तेव्हा सगळे पहिल्या वळणावर होते. तेवढा मोठा मोकळा ट्रॅक मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही.

बुडापेस्टचे बदल हळू गतीने बघा. अजमलकडून राजेशकडे जाणारी बॅटन विशेष बघा. गर्दी असूनही कुणी हडबडलेलं नाही. ही सवय महिनोन्महिने एकत्र राहून येते. चार वेगवान माणसं आदल्या आठवड्यात गोळा करून येत नाही.

एक जुनी सल आहे, तीही सांगतो. आमच्या एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत रिलेचा संघ आदल्या संध्याकाळी ठरला. एकही सराव नाही. आमच्यातल्या सर्वांत वेगवान मुलाने कधी रिले धावलीच नव्हती. तो पट्ट्याच्या बाहेर उभा राहून निघाला आणि आम्ही बाद झालो. त्या मुलाला आठवडाभर सगळ्यांनी बोल लावले. चूक त्याची नव्हती. त्याला पट्टा कुठे सुरू होतो हे कुणी दाखवलंच नव्हतं.

---

सुमेध_वाचतोय

स्पाईक्सदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक शंका. तिसरा आणि चौथा धावपटू उभे असतात तेव्हा त्यांची सारखी धक्काबुक्की चाललेली दिसते, आतबाहेर सरकत असतात. कोण कुठे उभं राहणार ते कोण ठरवतं?

---

जुनी_स्पाईक्स

पहिला धावपटू पूर्ण फेरी स्वतःच्या लेनमध्ये धावतो. दुसरा पहिल्या वळणापर्यंत लेनमध्ये, तिथे ट्रॅकवर आडवी कमानीसारखी रेघ असते, ती ओलांडली की आत यायची मुभा. त्यानंतर लेन उरत नाहीत. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूला पंच रांगेत लावतात. येणारे धावपटू दोनशे मीटर शिल्लक असताना ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने, आतून बाहेर. एकदा लावलं की बदलता येत नाही, नंतर तुमचा माणूस कितीही पुढे आला तरी. पहिल्या क्रमांकाचा सर्वांत आत. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पल्ल्यात मागच्या सरळ पट्टीवर पुढे असण्याला एवढं महत्त्व. बाहेर उभं राहिलं की बॅटन घेऊन आत येताना जास्तीचे मीटर धावायला लागतात, शिवाय दुसऱ्यांच्या पायांतून वाट काढायची.

आणि बॅटन दिल्यावर येणाऱ्याने चटकन आत पडायचं नाही, सगळे जाईपर्यंत आपल्या जागी राहायचं. दुसऱ्याच्या वाटेत आला तर संघ बाद होऊ शकतो. पाय तर तेव्हा दुमडायलाच आलेले असतात.

---

मैदानवेडा

इतिहासाची थोडी भर घालतो. १९६२, जकार्ता आशियाई खेळ : मिल्खा सिंग, माखन सिंग, दलजित सिंग, जगदीश सिंग, या शर्यतीत सोनं. त्यानंतर पुरुषांचं पुढचं सोनं थेट हांगझोऊला, ऑक्टोबर २०२३ मध्ये. एकसष्ट वर्षं! मधल्या काळात आपल्या मुलींनी २००२ ते २०१८ सलग पाच आशियाई सुवर्णं आणली, पुरुष मात्र रुपं-कांस्यावर. २०१८ मध्ये जकार्तालाच कतारने ३:००.५६ काढून सोनं नेलं, आपण ३:०१.८५.

हांगझोऊला धावले ते बुडापेस्टचेच चौघे. ३:०१.५८. कतार ३:०२.०५, श्रीलंका ३:०२.५५. याच श्रीलंकेने तीन महिन्यांपूर्वी बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपल्याला मागे टाकलं होतं. वेळ बुडापेस्टपेक्षा अडीच सेकंदांनी जास्त, पण मला ही शर्यत जास्त प्रिय आहे. बुडापेस्टला त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. हांगझोऊला सगळा देश सोनंच मागत होता, आणि त्यांनी ते आणलं.

---

रोखठोक

मैदानवेडा, हांगझोऊबद्दल शंभर टक्के सहमत.

पण पुढचंही लिहायला हवं. मे २०२४, बहामाजमधलं नासाऊ, जागतिक रिले स्पर्धा, पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता. पहिल्या दिवशी राजेशच्या पायात गोळा आला आणि त्याला मधेच थांबावं लागलं. शर्यत पूर्णच झाली नाही. दुसऱ्या दिवशी आरोकिया राजीवला आत घेतलं, त्याचं वय तेव्हा तिशीच्या पुढे. ३:०३.२३ काढून अमेरिकेच्या मागे दुसरे आले आणि पॅरिसचं तिकीट मिळालं. मी ती शर्यत बघताना देवाचं नाव घेत होतो. पॅरिसला मग ३:००.५८, अंतिम फेरी हुकली. त्याच पॅरिसच्या अंतिम फेरीत जपानने २:५८.३३ काढून आशियाई विक्रम परत नेला.

चारशेमीटर पाचव्या-सहाव्या माणसाचं म्हणतात ते मला आता जास्त पटतंय. नासाऊला राजीवसारखा अनुभवी माणूस बाकावर नसता तर पॅरिसही गेलं असतं.

---

मैदानवेडा

राजीवबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. २०१८ च्या जकार्तातल्या रुप्यात तो होता, टोकियोच्या ३:००.२५ मध्ये होता, नासाऊला होता. बुडापेस्टच्या चित्रफितीत नाही, म्हणून लोकांना माहीत नाही.

---

शाळेतली_बाई

मी क्रीडाशिक्षिका आहे, सातवी ते दहावी. हा धागा सकाळपासून वाचतेय. आमच्याकडे रिले सगळ्यांत शेवटी असते, बक्षीस समारंभाच्या आधी, पाहुणे घड्याळ बघत असताना. सराव कोणी करत नाही. शंभर मीटरमध्ये पहिली आलेली चार मुलं घेतात आणि उभी करतात. मुलं मात्र रिलेसाठीच सर्वांत जास्त ओरडतात. एरवी शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उभी राहून आपल्या वर्गाचं नाव घेतात.

स्पाईक्सदादांच्या संघातल्या त्या मुलाबद्दल वाचून मला माझीच एक विद्यार्थिनी आठवली. तिच्या हातून बॅटन पडली, ती शर्यत सोडून थेट वर्गात जाऊन बसली. पुढच्या वर्षी नाव दिलं नाही. चांगली धावायची. मी तिला तेव्हा "असू दे" म्हटलं. कशी घ्यायची ते शिकवलं नव्हतं, कारण मलाच नीट येत नव्हतं.

यंदा मला ४ × ४०० घ्यायची आहे, मुलांची आणि मुलींची. पंधरा दिवस हातात आहेत. सुरुवात कशापासून करू?

---

चारशेमीटर

बाई, तुमचा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. तंत्राचं स्पाईक्सदादा सांगतील, मी फक्त निवडीबद्दल सांगतो. चार नका घेऊ, सहा किंवा सात घ्या. सगळ्यांनी सगळ्या जागांवर सराव करायचा. ऐनवेळी कुणाला ताप येतो, कुणाचा पाय मुरगळतो.

मोठ्या संघातही हेच हवंय. ऑगस्ट २०२५ मध्ये विशाल टीकेने चेन्नईला ४५.१२ काढून अनासचा विक्रम मोडला तेव्हा मला विक्रमापेक्षा याचा आनंद झाला की यादीत एक नाव वाढलं. विशालमागे आणखी दोघेतिघे पंचेचाळीसच्या घरात नियमित येऊ लागले की प्राथमिक फेरीत कुणाला तरी बसवून ठेवता येईल. आणि मग अंतिम फेरीत ताज्या पायांचा भारतीय संघ कसा धावतो ते मला बघायचं आहे.

---

अनघा_प

बाबांना हे वाचून दाखवलं. ते विचारताहेत, राजेश अजून तिकिटं तपासतो का? त्यांना त्या गाडीने जायचंय.

---

जुनी_स्पाईक्स

बाई, पहिले तीन दिवस पळवूच नका. मुलांना एका ओळीत, हातभर अंतराने उभं करा आणि जागेवरच बॅटन मागून पुढे द्यायला लावा. देणाऱ्याचा उजवा हात, घेणाऱ्याचा डावा, हातात आली की लगेच उजव्या हातात. डोळे मिटून जमेपर्यंत. मग तेच चालत, मग हळू धावत.

चौथ्या दिवशी चुन्याने वीस मीटरचा पट्टा आखा आणि प्रत्येकाला स्वतः चालत त्याच्या दोन्ही रेघांवरून जाऊ द्या. नियम सांगा : बॅटन पट्ट्याच्या आत बदलली पाहिजे, पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही, बॅटन कुठे आहे याला आहे. आणि निघताना घेणारा पट्ट्याच्या आतच उभा असला पाहिजे.

आठवड्यानंतर देणाऱ्याला आधी तीनशे मीटर पळवून आणा, दमवा, आणि मग बदल करायला लावा. ताज्या पायांनी सगळ्यांनाच जमतं. दमलेल्याच्या हातातून घ्यायला शिकू द्या.

आणि एक दिवस मुद्दाम बॅटन पाडायला लावा. प्रत्येकाला, दोनदोनदा. पाडायची, मागे वळायचं, उचलायची, धावत सुटायचं. त्या मुलीला सरावाला बोलावता आलं तर तिलाच सगळ्यांत आधी पाडू द्या.

बॅटन शाळेत नसेल तर लाकडी लाटण्यावर भागवू नका, ते जड आणि जाड पडतं. प्लंबरकडून प्लास्टिकच्या पाइपचा एका फुटाहून थोडा कमी तुकडा कापून घ्या, चार सेंटिमीटर जाडीचा, कडा घासून.